सहाचा फोन

"बल्गरच्या एका वाटीला पाणी किती घालू गं?"

अराक्सी दातांच्या डॉक्टरकडे स्वागताच्या टेबलाशी बसली होती. समोर एक बाई सुजलेला गाल धरून उभी, मागे तिघं ताटकळलेले, आणि हिच्या कानाला फोन.

"दोन वाट्या, बाबा. परवाच सांगितलं."

"परवा कांदा घातला होता."

"कांद्याचा पाण्याशी काय संबंध?"

"तुझी आई म्हणायची, असतो."

"मग आईलाच..." म्हणता म्हणता तिने जीभ चावली. आई जाऊन चार वर्षं झाली होती.

पलीकडून मिहरान तोपालियन, वय वर्षं एक्क्याऐंशी, जराही न दुखावता म्हणाले, "तिला विचारलं. ती सांगत नाही."

चर्चच्या हॉलमध्ये तीनशे पानांचा बल्गरचा, म्हणजे गव्हाच्या जाड भरडीचा, पुलाव ज्या माणसाने उभं राहून शिजवला, आणि तो एकदा नाही, तीस वर्षं, त्याला एका वाटीचं पाणी माहीत नसेल? अराक्सीला हे समजत नव्हतं असं मुळीच नाही. समजत होतं म्हणूनच तिचं डोकं जास्त फिरायचं. टीव्हीचं रिमोट सापडत नाही, दूध नासलंय की तसंच लागतंय, आज मंगळवार की बुधवार, कुठल्याशा चुलत मावशीच्या नवऱ्याचं नाव काय होतं. दिवसातून आठ-दहा वेळा फोन. शहरापासून वीस मिनिटांवर द्राक्षमळ्यातल्या घरात म्हातारा एकटा. बहुतेक जमीन विकून टाकलेली, घरामागे वेलींच्या थोड्या ओळी राखलेल्या, आणि स्वयंपाकघराच्या भिंतीवर लांब वायरीचा जुना फोन. त्या फोनखाली त्यांची खुर्ची. रात्री झोपायला तेवढे तिथून उठत असतील.

आता अराक्सीचं सांगते. विसाव्या वर्षी लग्न, एकतिसाव्या वर्षी घटस्फोट, मूल नाही. नवरा वाईट नव्हता, कंटाळवाणा होता; आणि तिच्याबद्दल त्याचंही तेच म्हणणं होतं. बावीस वर्षं ती त्या दवाखान्यात बसली. माणसं दातापेक्षा भीतीने जास्त कळवळतात, हे तिने तिथे पाहिलं. एखादा पैलवानासारखा ट्रकवाला खुर्चीत बसायच्या आधी तीनदा लघवीला जाऊन यायचा, आणि पाच वर्षांची पोर तोंड उघडून निवांत पडून राहायची. हे असं का होतं, हा प्रश्न तिच्या मनात घर करून बसला. दुसऱ्या एखाद्या बाईने तो तसाच बसू दिला असता. हिने त्रेचाळिसाव्या वर्षी गावच्या कम्युनिटी कॉलेजात नाव घातलं. विषय मानसशास्त्र.

त्या कॉलेजाला नाकं मुरडणारे पुष्कळ आहेत. मुरडोत. वाहनतळ मोठा, इमारती बुटक्या, वर्गात अठरा वर्षांची पोरं आणि साठीचे आजोबा एकाच बाकावर. पण चार विषय नीट शिकवतात, फी परवडते, आणि ठरलेले विषय ठरलेल्या गुणांनी पार केले की राज्याचं विद्यापीठ सरळ तिसऱ्या वर्षाला जागा देतं. लोक दोन वर्षांत करतात. अराक्सी दिवसा नोकरी करून संध्याकाळी शिकणारी, तिला चार वर्षं लागली. त्यातलं एक अख्खं सत्र संख्याशास्त्राने खाल्लं. पहिल्यांदा नापास झाली तेव्हा गाडीत बसून रडली, आणि काचेवर टकटक झाली. बाहेर यारेली, तिच्याच वर्गातली, वीस वर्षांची, केसांना निळा रंग.

"ताई, रडून झालं की दार उघडा. माझेही गुण तेवढेच आलेत. आपण दोघी मिळून बसू."

"तुला ताई म्हणायला लाज नाही वाटत? तुझ्या आईच्या वयाची आहे मी."

"माझी आई एकोणचाळीसची आहे. तिच्याहून मोठ्या आहात तुम्ही."

तेव्हापासून त्या दोघी चिकटल्या. ग्रंथालयातलं खिडकीजवळचं टेबल त्यांचं. यारेलीची आई टोमॅटोच्या कारखान्यात, ती डब्यात मक्याच्या पिठाचे उकडलेले तामाले देई. अराक्सी द्राक्षाच्या पानांत वळलेला भात आणी. एकीने प्रमाण विचलन समजून घ्यावं, दुसरीने पाठ म्हणावं. दुसऱ्या खेपेला दोघी पास झाल्या.

एप्रिलमध्ये समुद्रकाठच्या विद्यापीठाने दोघींनाही जागा दिली. गाडीने साडेतीन तासांची वाट. सप्टेंबर अखेरीस हजर व्हायचं. उन्हाळ्यात एकच विषय उरला होता, वर्तनाचा. तो झाला की झालं.

अराक्सीने आयुष्यात स्वतःसाठी मागितलेली ही पहिली गोष्ट, आणि ती तिला मिळाली होती. खोली बघून झाली, दवाखान्यात राजीनामा देऊन झाला. राहिले होते एकटे बाबा.

"साडेतीन तास लांबून मी त्यांना रिमोट कसं शोधून देऊ?" ती यारेलीला म्हणाली.

"फोनवरच तर शोधून देता. फोनला साडेतीन तास लागत नाहीत."

"तिथे मी वर्गात असणार. परीक्षा असणार. दिवसाला दहा फोन घेत बसले तर पहिल्याच महिन्यात गाशा गुंडाळून परत येईन. आणि नाही घेतले तर हे गाडी काढून तिथे येतील. या वयात. महामार्गावरून."

ही भीती खोटी नव्हती. एकदा तिचा फोन बिघडला होता, तर म्हातारा दवाखान्यात येऊन ठेपला होता, पायात घरातल्या सपाता.

वर्तनाचा विषय शिकवायला हॅलोरन मॅडम होत्या. उंच, हडकुळ्या, गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या, त्यामुळे खुर्चीवर बसूनच शिकवायच्या. दुसऱ्याच आठवड्यात त्यांनी विलोपन शिकवलं. प्रकार साधा आहे. एखादी सवय टिकते, कारण तिला काहीतरी बक्षीस मिळत असतं. बक्षीस बंद करा, सवय विझते.

"पण लगेच नाही," मॅडम म्हणाल्या. "आधी भडकते. नाणं टाकलं आणि यंत्रातून कॉफी आली नाही, तर तुम्ही काय करता? बटण एकदा दाबून गप्प निघून जाता?"

"लाथ मारतो," मागून कोणीतरी म्हणालं.

"मारताच. तो भडका. त्या भडक्यात जो डगमगला आणि ज्याने बक्षीस दिलं, त्याने सवय पक्की केली म्हणून समजा. जो टिकला, त्याच्यासमोर ती विझते."

अराक्सीला कोणी तिच्या घराचा नकाशा काढून हातात दिल्यासारखं वाटलं.

सत्रभर एक प्रयोग करायचा होता. एक सवय निवडा, रोज नोंद ठेवा, शेवटी आलेख काढा. "स्वतःचीच घ्या," मॅडमनी बजावलं. "दुसऱ्याची घ्यायची असेल तर आधी त्याला सगळं समजावून सांगा आणि त्याचा होकार घ्या. माणूस उंदीर नाही."

यारेलीने स्वतःची नखं खायची सवय घेतली. अराक्सीने बाबांचे फोन घेतले.

"सांगितलंय ना त्यांना?" मॅडमनी विचारलं.

"सांगितलंय," अराक्सी म्हणाली.

तिने काय सांगितलं होतं ते ऐका. "बाबा, आता माझा अभ्यास वाढलाय. दिवसा मला फोन उचलता येणार नाही. संध्याकाळी सहाला करा, सहाला मी नक्की उचलेन. अगदीच काही झालं तर ९११ ला करा."

"सहाला," मिहरान म्हणाले. "आणि मध्ये काही विचारायचं झालं तर?"

"तेही सहाला विचारा."

"बरं. तुझी आईसुद्धा सहालाच जेवायला वाढायची."

एवढंच. तुमच्या फोनची सवय मोडायची आहे, त्याचा आलेख काढून वर्गात दाखवायचा आहे, आणि मी मोकळी असले तरी उचलणार नाही, हे तिने सांगितलं नाही. सांगितलं असतं तर प्रयोग फसला असता असं तिचं म्हणणं. मला विचाराल तर सांगायला तोंडच नव्हतं.

पहिल्या आठवड्यात पुस्तकात लिहिलं होतं तसंच झालं. दहाचे पंधरा फोन झाले, पंधराचे वीस. फोन टेबलावर थरथरत राही आणि दोघी त्याच्याकडे बघत बसत, विंचवाकडे बघावं तसं. मिहरान यंत्राशी बोलत नसत, निरोप ठेवणं त्यांना भिंतीशी बोलण्यासारखं वाटे. नुसती घंटा वाजायची आणि थांबायची.

"उचला हो ताई," यारेली म्हणाली. "नखं खायची वेळ येईल माझ्यावर."

"पुस्तक काय म्हणतं?"

"पुस्तकाचे बाबा नाहीत ते."

एका रविवारी तिच्याने राहवलं नाही. दुपारी लागोपाठ सातव्यांदा वाजला तेव्हा तिने उचलला आणि खेकसली, "काय झालंय, बाबा? घर पेटलंय का?"

"नाही. तुझा आवाज नीट आहे का तेवढं बघत होतो."

"नीट आहे! सहाला ऐकायचा!"

सोमवारी तिने हे मॅडमना सांगितलं. त्या म्हणाल्या, "मधेच दिलंत म्हणजे आता जास्त चिवट होईल. पुन्हा पहिल्यापासून." तांत्रिकदृष्ट्या त्यांचं बरोबर होतं. अराक्सी परत कधी डगमगली नाही.

मग फोन कमी होत गेले. बारा, सात, तीन. जुलै संपता संपता दिवसाचे फोन थांबलेच. उरला फक्त सहाचा. तो घड्याळ लावल्यासारखा यायचा, आणि त्यात मिहरान दिवसभराचं साठवलेलं एकामागून एक विचारायचे, वाण्याला यादी वाचून दाखवावी तसे. दूध नासलंय का याचं उत्तर संध्याकाळी सहाला मिळेपर्यंत त्यांनी ते पिऊन टाकलेलं असायचं.

"मग विचारता कशाला?"

"पुढच्या वेळेला कळावं म्हणून."

अराक्सीचा आलेख वर्गात सगळ्यांत देखणा निघाला. वर चढलेला कडा आणि मग शून्यापर्यंत उतार. मॅडमनी तो फळ्यावर लावला. अ श्रेणी. यारेलीची नखं काही सुटली नाहीत, तिला ब मिळाला. "माझे बाबा असते तर मलाही अ मिळाला असता," ती म्हणाली, आणि दोघी खूप हसल्या.

ऑगस्टच्या मध्याला चर्चमध्ये द्राक्षांना आशीर्वाद देतात. त्याआधी मिहरान द्राक्षाचा एक मणी तोंडात घालत नसत. मळ्यात जन्म काढला तरी. त्या दिवशी पाद्रीबाबांनी घड वाटले आणि माणसं झाडाखाली टेबलांशी बसली. मिहराननी पहिला मणी अराक्सीच्या हातावर ठेवला आणि समोर बसलेल्या आर्पिनेला ऐकू जाईल असं म्हणाले, "खा. आता विद्यापीठात निघालीय माझी पोर."

आर्पिने म्हणजे चर्चच्या महिला मंडळाची तोफ. "सत्तेचाळिसाव्या वर्षी? तिथे काय आजी म्हणून ठेवून घेणार का?"

"डोकी दुरुस्त करायला शिकणार आहे ती," मिहरान म्हणाले. "शिकून आली की पहिला नंबर तुझा लावतो. ओळखीत आहेस, फार थांबावं लागणार नाही."

टेबल हसलं, आर्पिनेसुद्धा. मग तिने विचारलं, "आणि तू रे? तुझं कोण बघणार?"

"ती सहाला फोन उचलते," मिहरान म्हणाले. तक्रार नव्हती त्यात. जावई भारीतली गाडी वापरतो असं लोक सांगतात ना, त्या सुरात म्हणाले. "इतर वेळी अभ्यास असतो तिला. मी आता तिला त्रास देत नाही. शिकलो मी."

अराक्सीच्या तोंडात तो मणी होता. गिळला तिने. आपण जिंकलो असं तिला वाटलं. आणि कुठेतरी कसंसंच झालं, तिकडे तिने लक्ष दिलं नाही.

सप्टेंबर लागला. मिहराननी आपल्या उरल्यासुरल्या ओळींतली द्राक्षं उतरवली आणि ओळींमधल्या मातीवर जाड कागद पसरून वाळत घातली, बापाने घातली तशी. मदतीला एलादियो नावाचा मजूर होता, शेजारच्या मळ्यातला, वीस वर्षांच्या ओळखीचा. मनुका वाळत पडल्या की एकच चिंता, पाऊस. त्या दिवसांत सहाच्या फोनमध्ये पहिला प्रश्न तोच. "आज तुझा फोन काय म्हणतो? ढग?" अराक्सीने मोबाइलवर बघून सांगायचं, आकाश कोरडं आहे. मग ते म्हणायचे, "मला वाटलंच." बाहेर नुसती मान वर करून बघितलं असतं तरी कळलं असतं.

तिची खोकी बांधून झाली होती. निघायला दोन आठवडे राहिले होते.

त्या गुरुवारी सहाला फोन वाजला. तिने उचलला. "बोला बाबा. ढग नाहीत."

पलीकडून आवाज आला, पण शब्द आले नाहीत. ओल्या कापसातून कोणी बोलत असावं तसं काहीतरी. तिला वाटलं, घास तोंडात आहे. "गिळा आधी आणि मग बोला." पुन्हा तसंच. आणि मग फोन कशावर तरी आपटल्याचा आवाज, आणि वायरीला लोंबकळत तो भिंतीवर ठक, ठक, ठक.

तिने बोलावलेली अँब्युलन्स तिच्या आधी पोचली होती. मिहरान खुर्चीशेजारी जमिनीवर होते. उजवी बाजू गेलेली. डोळे उघडे, आणि तिला बघून त्या डोळ्यांत जे आलं ते ओशाळलेपण होतं, वस्तू फोडलेल्या मुलाचं.

इस्पितळातल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी एकच प्रश्न धरून ठेवला. "हे कधी सुरू झालं?"

"सहाला. मी फोनवर होते."

"सहाला नाही. मेंदूचं चित्र बघून सांगते, पुष्कळ आधी झालंय. त्यांना शेवटचं धडधाकट कोणी पाहिलं?"

अराक्सीला सांगता येईना. ज्या बापाच्या दिवसाचा तपशील तिला चार वर्षं मिनिटामिनिटाला मिळत होता, त्याचा तो दिवस तिला ठाऊक नव्हता. तिने मोबाइल काढून बघितला. दिवसभरात एक तरी न उचललेला फोन असेल. असता तर तिने तो उचलला नसता, हे खरंच आहे. तरी त्या क्षणी तिला तो हवा होता. एकही नव्हता.

सांगितलं एलादियोने. टोपी हातात धरून तो बाकावर तिच्याशेजारी येऊन बसला.

"सकाळी आम्ही मनुका परतत होतो, ताई. काकांच्या हातातून कागद सुटायला लागला. एकदा, दोनदा. म्हणाले, हाताला मुंग्या आल्यात. मी म्हटलं, बसा. बसले. तोंड जरा वाकडं वाटलं मला. मी म्हटलं, काका, अराक्सीताईंना फोन करतो. माझ्या हातातून फोन काढून घेतला त्यांनी."

"का?"

एलादियो टोपी फिरवत राहिला. "म्हणाले, आत्ता नको, ती वर्गात असेल. सहाला उचलते. म्हटलं, मग अँब्युलन्स? तर हसले. म्हणाले, मुंग्यांना अँब्युलन्स बोलावली तर आर्पिने मला मरेपर्यंत सोडणार नाही. मी घरात पोचवलं त्यांना, खुर्चीत बसवलं. आमचा मुकादम हाका मारत होता, ताई. मी गेलो."

"मी वर्गात नव्हते," अराक्सी म्हणाली. "माझे वर्ग जुलैलाच संपले. मी घरी होते. खोकी बांधत होते."

एलादियोने टोपी मांडीवर ठेवली.

सकाळपासून संध्याकाळपर्यंत माणूस फोनखाली बसून राहिला. समोर घड्याळ. हात गेला, पाय गेला, एक एक करून शब्द गेले असतील, आणि तो वाट बघत होता, कारण त्याला शिकवलं होतं. डॉक्टरीणबाईंनी मग स्पष्टच सांगितलं. पहिल्या काही तासांत आणलं असतं तर एक औषध होतं, वाचा राहण्याची बरीच आशा होती. आता वेळ टळून गेली होती.

मिहरान जगले. दहा दिवसांनी घरी आले, चाकाच्या खुर्चीतून. समजतं सगळं, पण बोलता येत नाही. डावा हात तेवढा चालतो.

विद्यापीठाने आधी जागा धरून ठेवायला नकार दिला, मग पुढल्या वर्षी पुन्हा अर्ज करा असं कळवलं. अराक्सीने धन्यवाद म्हणून तो विषय मिटवला. लोक म्हणाले, माणूस ठेव, सेवागृहात ठेव, तू जा, त्यांचीही तीच इच्छा असणार. आर्पिने स्वतः येऊन म्हणाली, "मी बघते त्याला. तू जा. मी तोंडाची वाईट आहे, हाताची नाही." अराक्सीने तिला कॉफी दिली आणि नाही म्हणून सांगितलं. त्यात त्याग वगैरे काही नव्हता, उगाच कोणी हार घालू नका. तिला ते पुस्तक उघडवत नव्हतं, एवढंच.

एकदा ती हॅलोरन मॅडमकडे गेली. तो आलेख अजून फळ्यावरच होता, नव्या मुलांना नमुना म्हणून.

"तो काढा," अराक्सी म्हणाली. आणि सगळं सांगितलं, होकार घेतला नव्हता हेसुद्धा.

मॅडम गुडघा धरून उठल्या, टाचण्या काढल्या, कागद तिच्या हातात दिला. "मी तुम्हाला विचारायला हवं होतं, काय सांगितलंत आणि कसं सांगितलंत. मी नुसतं 'सांगितलंय ना' म्हणाले."

"मी खोटंच बोलले असते."

"हो. पण मी विचारलं असतं."

यारेली निघायच्या दिवशी मळ्यातल्या घरी आली. केसांचा निळा रंग उतरला होता. मिहरानपुढे उकिडवी बसली आणि म्हणाली, "आजोबा, मी जाऊन येते. ताईंची खिडकीजवळची जागा धरून ठेवते." मिहराननी डाव्या हाताने तिच्या डोक्यावर थोपटलं. बाहेर गाडीशी आल्यावर पोरगी अराक्सीच्या गळ्यात पडून ढसाढसा रडली. "मी म्हटलं होतं ना, उचला म्हणून. नंतर मीच हसले तुमच्याबरोबर. कशाला हसले?"

"नखं खाऊ नकोस," अराक्सी म्हणाली. दुसरं काही सुचलंच नाही तिला.

आता ती तिथेच राहते. सकाळी बाबांना धुते-पुसते, भरवते. त्या वर्षीच्या मनुका एलादियोने एकट्याने गोळा केल्या, पाऊस आलाच नाही. भिंतीवरचा फोन तिने काढला आणि मोठ्या बटणांचा नवा आणला. त्यांच्या डाव्या हाताशी, छोट्या टेबलावर ठेवला.

"वाजला की नुसता उचला," तिने त्यांना सांगितलं. "बोलायचं नाही. मी बोलेन. समजलं?"

त्यांनी मान हलवली. समजलं.

संध्याकाळी सहा वाजले की ती बाहेर ओट्यावर जाते. खिडकीच्या जाळीतून खुर्ची दिसते. मोबाइलवर नंबर लावते. आत घंटा वाजते. मिहरान मान वळवून फोनकडे बघतात. डावा हात मांडीवरून उचलतात, टेबलाच्या कडेपर्यंत नेतात. तिथे तो थांबतो. मग ते हात परत घेतात आणि मांडीवर ठेवतात, शिकवलं होतं तसा, अगदी शहाण्यासारखा, आणि घंटा संपेपर्यंत समोर भिंतीकडे बघत राहतात.

पहिल्या दिवशी तिने एकदाच लावला होता. दुसऱ्या दिवशी दोनदा. आता ती ओट्याच्या पायरीवर बसते आणि लावतच राहते. मधूनमधून कानाशी धरलेल्या त्या नुसत्या घंटेत बोलते. "बाबा, बल्गरच्या एका वाटीला पाणी किती घालू? बाबा, आज कांदा घातलाय."

आत घंटा थांबते. ती पुन्हा बटण दाबते.